परतीचे दाणे

१

दर रविवारी सकाळी स्नेहलता तांदूळ निवडायला बसे. वास्तविक त्यात निवडण्यासारखे काही नसे. ब्राउनश्वाइगच्या दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यातून मिळणारा तो बुटका, गोल, खिरीचा तांदूळ इतका निर्मळ असे, की त्यात खडा सापडता तर दुकानदाराने स्वतः घरी येऊन क्षमा मागितली असती. तरी ती तो ताटलीत पसरी, खिडकीच्या उजेडात धरी आणि तर्जनीने एकेक ओळ अलग करी.

"अगं, कारखान्यातून निवडून आलाय तो," श्रीपाद वर्तमानपत्रामागून म्हणे. "जर्मनांच्या कामावरसुद्धा तुझा विश्वास नाही?"

"माझ्या हातून तपासल्याशिवाय काही पोटात जायचं नाही. माझ्याही आणि तुमच्याही."

"धन्य! आमच्या प्रोफेसरांना सांगतो, तुला परीक्षक म्हणून ठेवून घ्यायला."

श्रीपाद तिथल्या तंत्रविद्यापीठात पाण्याच्या प्रवाहांवर प्रबंध लिहीत होता. स्नेहलता साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवून, लग्नानंतर दोन वर्षांपूर्वी बोटीने इकडे आली होती. या दोन वर्षांत तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा, आतले मूल पहिल्यांदा हलण्याआधीच, सारे संपले. आता तिसरी खेप होती. चवथा महिना सरला होता. "आता कोणत्याही दिवशी हालचाल जाणवेल," असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि तेव्हापासून तिचा डावा हात ओट्यापाशी, रस्त्यात, ट्राममध्ये आपोआप पोटावर जाऊन थांबे. पहिल्या हालचालीपर्यंत पोचले की हे मूल राहील, अशी तिने मनाशी गाठ बांधून ठेवली होती. या गाठीला शास्त्रात आधार नव्हता, हे तिलाही ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट अशीच निराधार होती. निघताना आईने तिला हिरवा खण आणि डबाभर आंबेमोहोर दिला होता. "बोटीत चढण्याआधी समुद्राची ओटी भर. एवढं पाणी ओलांडायचं ते त्याला काही न देता नाही." धक्क्यावरच्या गर्दीत, सामानाच्या धांदलीत ते राहून गेले. खण ट्रंकेच्या तळाशी राहिला. दोन्ही वेळा दवाखान्यातून परतल्यावर तिने ट्रंक उघडली होती, खणाकडे पाहिले होते आणि पुन्हा झाकण लावले होते. श्रीपादशी ती याविषयी कधी बोलली नाही.

२

बासष्ट सालच्या सप्टेंबरात श्रीपादला आखेनच्या परिषदेला जायचे होते. परतीच्या वाटेवर, आयफेलच्या डोंगराळ मुलखातल्या एका राखीव रानात जमिनीतून पाण्याची उसळी येते, ती पाहिल्याशिवाय परतू नका, असे त्याच्या प्रोफेसरांनी बजावले होते. स्नेहलतेला डॉक्टरांनी प्रवासाची मुभा दिली होती. तिने आवराआवर केली आणि शेवटी, काही विचार न करता, ट्रंकेतला खण, हळदकुंकवाची डबी आणि रुमालात बांधलेला मूठभर आंबेमोहोर कोटाच्या खिशात घातला.

विचार न करता, असे ती पुढे स्वतःला सांगत असे.

रानाच्या कडेला फ्राऊ थेलेन नावाच्या विधवेच्या घरी खोली मिळाली. तिथून बीच नावाच्या उंच झाडांतून पायवाट उतरत होती. खाली एक गवताळ खळगा, खळग्यात काळ्या दगडांचे आळे आणि भोवती दोर बांधलेला. दुपारच्या उजेडात शनिवारची मंडळी जमली होती. पुरुष पाईप ओढीत उभे होते, मुले दोराला लोंबकळत होती, गावच्या काही बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या.

"हे पाणी गरम नाही बरं का," श्रीपाद उत्साहाने सांगू लागला. "बर्फासारखं गार. खाली कोंडलेला वायू त्याला वर ढकलतो. सोड्याची बाटली हलवून बूच काढावं, अगदी तसं."

"म्हणजे आपोआप."

"आपोआप. दीडदोन तासांनी. त्यात कुणाची मर्जी लागत नाही."

आधी आवाज आला. बंद दाराआड कुणी घसा साफ करावा तसा. मग आळ्यातले पाणी करड्या बुडबुड्यांनी फुगले, काठावरून ओघळले, आणि एकाएकी माडाएवढा खांब सरळ वर उभा राहिला. लोखंडाचा आणि नासक्या अंड्याचा वास पसरला. मुले ओरडली. श्रीपादने घड्याळाकडे पाहिले. स्नेहलतेने मात्र भोवती पाहिले. वर्गात सगळ्या मुली फळ्याकडे पाहत असताना कोण पाहत नाही, हे टिपण्याची तिच्या डोळ्यांना सवय होती.

गावच्या बायकांनी पाठ फिरवली होती.

एकीनेही कुणाला खूण केली नव्हती. पाणी वर येताच त्या सगळ्या झाडांकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या. हात पोटाशी बांधलेले. तुषार उडतात म्हणून, असे तिला वाटले. पण वारा उलट दिशेचा होता आणि त्यांच्या बाजूला एक थेंबही पडत नव्हता. पाणी खाली बसल्यावर त्या पुन्हा वळल्या आणि मघाशी अर्धे राहिलेले वाक्य पुढे बोलू लागल्या.

पाणी वर असताना सबंध खळग्यात त्याच्याकडे तोंड करून उभी असलेली बाई ती एकटीच होती.

३

मंडळी पांगली. श्रीपाद रखवालदाराला गाठून पाण्याची नळी जमिनीत किती खोल जाते ते विचारीत दूर गेला. स्नेहलता दोराखालून वाकून आळ्यापाशी आली. पाणी हातभर खाली होते, काळे, निपचित.

समुद्राचे राहिले ते इथे, एवढेच तिच्या मनात होते. तिने काठाला हळदकुंकू लावले. खण पसरला, त्यावर आंबेमोहोर ओतला. नारळ कुठला मिळायला? तिने फ्राऊ थेलेनच्या घरच्या टोपलीतून आणलेले सफरचंद ठेवले. घरच्या सुवासिनीसमोर वाकावे तशी वाकून ती मनात म्हणाली, या वेळी पदरात पडू दे.

खण पाण्यावर ठेवला. तो तरंगायला हवा होता. वाऱ्यासारखे हलके कापड ते, आणि सफरचंद तर पाण्यावर राहतेच. पण त्याची चार टोके आत वळली, तांदूळ आणि सफरचंद मध्ये घेऊन तो मुठीसारखा मिटला आणि सरळ खाली गेला. एकही बुडबुडा वर आला नाही.

"अगं, दोराच्या आत काय करतेस? बाहेर ये!" श्रीपादची हाक आली. ती गडबडीने उठली.

संध्याकाळी कॉफी ओतताना फ्राऊ थेलेनची नजर तिच्या लाल बोटांवर थांबली.

"हे काय लागलं?"

"रंग. आमच्याकडे बायका पाण्याला देतात काही." स्नेहलतेचे जर्मन मोडकेतोडके होते, पण एवढे तिला सांगता आले. "तांदूळ. कापड. तुमचं एक सफरचंद."

किटली हवेतच राहिली. "परत आलं?"

"नाही."

"आम्ही त्याला काही देत नाही. मुलं दगड टाकतात, बाटल्यांची बुचं टाकतात. टाकलेलं पुढच्या उसळीला वर येतं. हो, सगळं परत येतं."

"येणारच!" श्रीपाद हसला. "दाब केवढा असतो!"

"मग बायका पाठ का फिरवतात?" स्नेहलतेने विचारले.

फ्राऊ थेलेनने किटली खाली ठेवली. "माझी आई फिरवायची," ती म्हणाली, आणि मग तिचे डोळे स्नेहलतेच्या कोटाच्या ताणलेल्या बटणांवर गेले.

दुसऱ्या सकाळी गाडीआधी त्यांनी आणखी एक उसळी पाहिली. पाणी आले, काडीकचरा आला. खण आला नाही, सफरचंद आले नाही. खांब कोसळला तेव्हा त्याचा शेंडा मात्र क्षणभर मागे राहिल्यासारखा वाटला. हिरवट, मूठभर, हवेत थबकलेला. मग तोही खाली गेला.

"पाहिलंत?"

"काय?"

"काही नाही. ऊन असेल."

निरोप घेताना फ्राऊ थेलेनने श्रीपादशी हात मिळवला. स्नेहलतेचा हात पुढे आला तेव्हा तिने आपले दोन्ही हात अॅप्रनमध्ये गुंडाळून घेतले.

४

ब्राउनश्वाइगला परतल्यावर सारे पूर्ववत सुरू झाले. कोट दारामागच्या खुंटीला लागला. दिवस उबदार होते, त्याची गरज पडली नाही. मूल अजून हलले नव्हते. डॉक्टर म्हणाले, ठोके ठीक आहेत, घाई करू नका.

एके दिवशी थंडी पडली. तिने कोट चढवला, खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

बोटांना दाणे चिकटले होते. लहान, नाजूक, टोकदार. आंबेमोहोर ओळखायला तिला वास घ्यावा लागला नाही. रुमालातून सांडले असतील, हे साहजिक होते. साहजिक नव्हते ते एवढेच की दाणे ओले होते. नुकते धुतल्यासारखे ओले आणि इतके गार, की बोटांची टोके दुखली. खिशाचे अस्तर मात्र कोरडे होते.

ती खुर्चीवर बसली आणि तिने रीतसर विचार केला. छत गळत नव्हते. घरमालकीण फ्राऊ ब्रांडेस हिच्यापाशी दुसरी किल्ली होती, आणि आपल्या माघारी ती खोलीत येते असा संशय स्नेहलतेला पूर्वीपासून होता. फोडणीच्या वासावरून त्या बाईशी दोनदा खटका उडाला होता. पण खोडी काढण्यासाठी आंबेमोहोर आणणार कुठून? डब्यातून. तिने डबा काढला. झाकणावर तिने स्वतः चिकटवलेली कागदाची पट्टी जशीच्या तशी होती.

श्रीपाद? त्याला थट्टेची हौस होती. पण दोन मुले गमावलेल्या घरात तो ही थट्टा करणार नाही. करील का? संध्याकाळभर ती त्याचा चेहरा निरखीत राहिली.

"काय पाहतेस एवढं?"

"तुम्ही माझ्या कोटाला हात लावलात?"

"मला बसेल का तो?"

दाणे तिने शेगडीत टाकले होते. ते जळाले नाहीत. कितीतरी वेळ निखाऱ्यांवर फुसफुसत राहिले आणि अखेर शेगडीच विझली. पुढल्या तीन-चार दिवसांत खिशात पुन्हा दाणे निघाले, आधीपेक्षा अधिक.

५

गावात दुसरे मराठी घर वसुधाताईंचे होते. वय पन्नाशीचे, बोलणे फटकळ, सोवळेओवळे मुंबई सोडताना धक्क्यावर ठेवून आलेल्या, असे त्या स्वतःच सांगत. रीतिभाती मात्र त्यांना तोंडपाठ. स्नेहलतेने गोष्ट विनोदाच्या अंगाने सांगायला घेतली, पण वसुधाताई हसल्या नाहीत.

"ओटी भरलीस? त्या डबक्याची?"

"पाण्याची, ताई. नदीची नाही का भरत?"

"नदीची भरतो, कारण ती लेकुरवाळी असते गं. काठची गावंच्या गावं तिची लेकरं. तिला कशाची वाण नसते, म्हणून तिच्याकडे मागायचं." त्यांनी चहाचा कप दूर सारला. "आणि ओटी भरणं म्हणजे काय? जिची भरतो तिची कूस भरू दे, म्हणायचं. हे तुझं पाणी कुठे वाहतं? कुणाला पाजतं? वर येतं आणि त्याच भोकात परत जातं. त्याचं आहे कोण? त्याला तू जाऊन सांगितलंस, तुझी कूस भरू दे. आणि तेही भरल्या पोटाने उभं राहून."

"मी असं म्हटलं नव्हतं," स्नेहलता हळूच म्हणाली.

"तू काय म्हणालीस ते तुझ्या मराठीत. त्याने हात पाहिले." मग तिचा उतरलेला चेहरा पाहून वसुधाताईंचा स्वर मऊ झाला. "जाऊ दे, मी आपली जुन्या वळणाची. बरं, दाणे घेतलेस का? ओटी घेणारी त्यातले चार दाणे परत देते. ते घरच्या तांदळात मिसळून शिजवायचे, खायचे, तेव्हा ओटी पुरी होते."

"यांनी हाक मारली. मी तशीच उठले."

"मग झालं तर! ओटी अपुरीच राहिली. अपुऱ्या ओटीचं देणं नाही न् घेणं नाही. जा, नीट जेव, झोप. आणि परत कधी दाणे घेऊ नकोस म्हणजे झालं."

त्या हे सहज म्हणाल्या. खिशातल्या दाण्यांचे स्नेहलतेने अजून सांगितलेच नव्हते. आता सांगण्याचे धैर्य तिला झाले नाही.

घरी येऊन तिने खिसा उलटा करून झाडला. दाणे कागदात बांधून ओकर नदीच्या पुलावरून खाली टाकले. मग सुईत दुहेरी दोरा ओवून खिशाचे तोंड शिवले. टाका इतका दाट घातला, की शाळेत असती तर शिवणाच्या बाईंनी तो साऱ्या वर्गाला दाखवला असता. शिवताना तिला हसू आले. मॅट्रिकला शास्त्रात पहिली आलेली मुलगी मी, आणि तांदळाला कुलूप घालते आहे.

पण त्या रात्री तिला शांत झोप लागली.

६

रविवार उजाडला तो पावसाळी, अंधारलेला. कित्येक दिवसांत तिला अन्न गोड लागले नव्हते. सकाळी तांदळाची ताटली पुढे घेतली आणि तिला घेरी आल्यासारखे झाले.

"ठेव ती ताटली," श्रीपाद म्हणाला. "आज भात मी करतो. चार वर्षं एकटा राहिलोय मी इथे, उपाशी नव्हतो राहिलो."

"निवडून घ्या."

"गेनाऊ, अगदी तसंच! एकेक दाणा. तू नीज."

तिला जाग आली ती भाताच्या वासाने. आईच्या स्वयंपाकघराचा वास तो. मऊ, आसट भात, वर तुपाचा थेंब, मीठ, लिंबाची फोड. श्रीपादने ताट तिच्या मांडीवर ठेवले आणि समोर स्टूल ओढून बसला. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले. महिनाभराची भूक एकदम जागी झाली. ती बोलेना, थांबेना. ताट जवळजवळ रिते झाले तेव्हा ती सावकाश म्हणाली, "आंबेमोहोराचा डबा उघडलात ना? बारशासाठी ठेवला होता मी."

"डब्याला कोण हात लावतो? तुझी कागदी पट्टी तिथेच आहे, बघ." तो खुशीत होता. "तुझी चोरी पकडली मी. बाहेर जायचं म्हणून कोट झटकायला घेतला, तर खिसा जड. वरून पक्का शिवलेला! म्हटलं, बाईसाहेबांनी गुपचूप साठवून ठेवलाय. उसवला, तर हा एवढा तांदूळ. थोडा सर्द होता, म्हणून स्वच्छ धुतला आणि आपल्या रोजच्या तांदळात मिसळून टाकला. म्हटलं, वास येईल, चार घास जास्त जेवशील. जेवलीस की नाही?"

स्नेहलतेने ताटात पाहिले. दोनचार शिते उरली होती. तुपाखाली ती गार होती.

"किती मिसळलात?"

"सगळा. का गं?"

ती उत्तर देणार होती. तेवढ्यात, ओटीपोटाच्या अगदी तळाशी, बंद दाराआड कुणी घसा साफ करावा तसे काही झाले.

तिचा चेहरा पाहून श्रीपाद उठला. "काय झालं? हललं? खरंच हललं?"

जिची ती इतके दिवस वाट पाहत होती ती हालचाल होती. पण ती लाथ नव्हती, मुलाचे कूस बदलणे नव्हते. ते खालून फुगत आले, सरळ वर चढले, बरगड्यांखाली येऊन उभे राहिले आणि तिथे क्षणभर थबकले. मग सावकाश, सारेच्या सारे, खाली बसले. आणि आत निपचित झाले.

श्रीपादने गुडघे टेकून तिच्या पोटावर तळवा ठेवला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, ओठांवर हसू होते. "मला कळलं," तो म्हणाला. "स्नेहा, मला कळलं! केवढा जोर आहे गं! आता राहणार. आता हे राहणार, बघ तू."

मग त्याचे हसू तिथेच थांबले. तळवा त्याने उचलला, उलटून पाहिला. त्याने तो विजारीला पुसला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

"पुन्हा केव्हा हलेल?" त्याने विचारले. आवाज बदलला होता.

तिने घड्याळाकडे पाहिले नाही. पाहण्याची गरज उरली नव्हती. ती पलंगावरून उठली, खोलीच्या कोपऱ्यात गेली आणि त्या खळग्यातल्या बायकांसारखी भिंतीकडे तोंड करून, हात पोटाशी बांधून उभी राहिली. उभी राहिल्यावर तिच्या ध्यानात आले, की त्या बायकांना पाठ फिरवता येत होती.